माल कुठल्या काडीवर?

सप्टेंबर सरत आला की नाशिक जिल्ह्यात दोन द्राक्ष बागायतदार भेटल्यावर तब्येतीच्या आधी छाटणीची तारीख विचारतात. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या अर्लीवाल्यांनी, म्हणजे हंगामाआधी माल काढणाऱ्यांनी, तोवर कधीच कात्री चालवलेली असते. निफाड-दिंडोरीकडचे लोक मात्र आभाळाकडे बघत, मोबाइलवरचा हवामान अंदाज खालीवर करत, अजून आठ दिवस थांबू का, या विचारात असतात. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरलेल्या असतात, एकरी उक्त्याचे भाव ठरत असतात. कात्री हे इथल्या घरातलं रोजच्या वापरातलं हत्यार आहे. तरीही शहरातल्या रो-हाउसच्या दारात, ज्यांचं अर्धं घर अजून मळ्यात आहे तीच माणसं, पेरूचं झाड डोईजड झालं की शिडी लावून त्याला वरून सपाट कापतात आणि पुढच्या वर्षी झाड आणखी वर गेलं म्हणून कपाळाला हात लावतात. बागेतलं शहाणपण फाटकाच्या आत येत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो मात्र पेरूमुळे नाही. माझी भाची इंग्लंडात, केंट परगण्यात राहते. तिथे घेतलेल्या घराच्या मागच्या अंगणात आधीच्या मालकाने लावलेलं हेझलचं झाड आहे. हेझल म्हणजे आपण चॉकलेटात खातो ते हेझलनट. जगातलं त्याचं निम्म्याहून जास्त पीक तुर्कस्तानात निघतं, आणि भारतातही हिमाचलातल्या पांगी खोऱ्यात त्याचा एक भाऊबंद जंगलात वाढतो, त्याच्या फळांना तिकडे थांगी म्हणतात. आपल्याकडे मात्र ते यायचं नाही. निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की सगळ्या पेपरांत बातमी येते, बागांतून शेकोट्या पेटतात, पण ती थंडी चार-आठ दिवसांची. हेझलला महिनोन्महिने गारठ्यात झोपावं लागतं.

तर भाचीने घरच्या ग्रुपवर त्या झाडाचे फोटो टाकले. एक खोड असं नाहीच, बांबूच्या बेटासारखे जमिनीतूनच पंधरा-वीस सोट निघालेले. काही मनगटाएवढे, काही मांडीएवढे, आणि मधूनमधून नवे, सरळसोट, छडीसारखे. पार पहिल्या मजल्याची खिडकी झाकलेली. तिला झाड काढायचं नव्हतं, फक्त आटोक्यात हवं होतं. तिकडचा एक माळी वरून दोन मीटर उडवून देतो म्हणाला होता. करू का, असा प्रश्न.

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा, निफाड तालुक्यात द्राक्षं करतो आणि ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. त्याने एक ओळ टाकली: "आधी सांग, याला माल कुठल्या काडीवर लागतो?"

कोणतंही झाड लहान ठेवायचं असेल तर पहिला प्रश्न हाच: फळ नव्या फुटीवर येतं की जुन्या काडीवर? किती उंच, किती फांद्या, कुठली कात्री, हे सगळं नंतर. बागायतदाराला तो वेगळा सुचावा लागत नाही, कारण द्राक्षात त्याचं वर्षभराचं भांडवल या प्रश्नावर लागलेलं असतं.

द्राक्षवेल थंड मुलखात हिवाळ्यात पानं टाकते आणि निजते. तिकडचा शेतकरी वर्षातून एकदा छाटतो. आपल्याकडे ती निजतच नाही, म्हणून आपल्याला कात्रीने तिचं वर्ष दोन भागांत तोडावं लागतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी: माल निघून गेलेला असतो, सगळ्या काड्या ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडाजवळ, एका-दोन डोळ्यांवर (जिथून फूट येते त्या कोंबांवर) आणायच्या. भर उन्हाळ्यात बाग उघडीबोडकी दिसते, कापलेल्या टोकांतून टपटप पाणी गळतं. मग नवी फूट येते, ती विरळायची, सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलेतून निघणारी पोटकाडी) करायची, आणि त्या काड्या पावसाळ्यात पिकू द्यायच्या. दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला, बाहेरून काही दिसत नसताना, काडीवरच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचे घड तयार होऊ लागतात. त्या दिवसांत सलग ढगाळ राहिलं तर घड कमी. पुढे ऑक्टोबर छाटणीला पिकलेली काडी ठरावीक डोळ्यांवर कापायची, आणि जो डोळा फुटेल त्यातून घड बाहेर येणार. जाणते लोक आधी काड्या प्रयोगशाळेत तपासून घेतात: कितव्या डोळ्यात घड आहे, कितवा वांझ. चौथ्यात घड असताना तिसऱ्यावर कापलं तर वर्ष गेलं.

भावाला छाटणी करताना बघायला मला लहानपणापासून आवडतं. तो काडी दोन बोटांत धरतो, वाकवून बघतो, रंग बघतो. पिकलेली काडी तपकिरी, सालीवर बारीक रेघा, वाकवली तर चरचरते. कच्ची हिरवट आणि मऊ. मग अंगठा एकेका डोळ्यावरून सरकत जातो, ठरल्या डोळ्याच्या पुढे अर्ध्या बोटावर कात्री थांबते, तिरपी, आणि कट्. नजर तोवर पुढच्या काडीवर गेलेली असते. दिवसभरात हजारो वेळा. त्याला 'हे तू कसं ठरवतोस' असं विचारलं तर तो सांगू शकत नाही, चिडतो.

भाचीने मामाचा प्रश्न मनावर घेतला आणि केंट म्हणजे हेझलचं निफाडच निघालं. तिथे कॉबनट या नावाने त्याच्या जुन्या बागा आहेत, झाडं पिढ्यान् पिढ्या पुरुषभर उंचीची राखलेली, मधून मोकळी, पसरट वाटीच्या आकाराची. रानातलं हेझल पाच-सहा मीटर सहज जातं, त्याहूनही वर. बागेतलं हाताला येईल एवढंच. तेव्हा लहान ठेवता येतं की नाही हा प्रश्नच उरला नाही. तिच्या गावापासून थोड्याच अंतरावर लोक ते पिढ्यान् पिढ्या करत आलेत.

आता माल कुठे लागतो ते. हेझलला एकाच झाडावर दोन वेगळी फुलं येतात, तीही भर हिवाळ्यात, पान नसताना. नरफुलांचे पिवळे तुरे उन्हाळ्यातच काडीवर बसलेले असतात, जानेवारी-फेब्रुवारीत ते लांबतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. मादीफूल बघायला डोळे बारीक करावे लागतात: फुगलेला डोळा असतो तसाच, फक्त टोकाला लालभडक धाग्यांचा चिमुकला झुबका. भाचीने नखाशेजारी धरून फोटो पाठवला तेव्हा भाऊ म्हणाला, "हा तर डोळाच आहे." बरोबरच होतं. ही दोन्ही फुलं आदल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर येतात. आणि एक गंमत अशी, की पराग फेब्रुवारीत पडतो पण प्रत्यक्ष फलन होतं मे-जूनमध्ये. मधले महिने ते सगळं तसंच थांबून राहतं. सप्टेंबरात फळ.

एवढं कळलं की छाटणी आपोआप ठरते. वरून दोन मीटर सपाट उडवले तर गेलं काय? गेल्या उन्हाळ्याच्या सगळ्या काड्या, म्हणजे यंदाचा सगळा माल. आणि राहिलं काय? खालचे जुने, जाड, सावलीतले सोट. ते पुढच्या वर्षी कापल्या टोकांखालून झाडूसारखी फूट काढणार. म्हणून हेझल लहान ठेवणारे शेंड्याला हात लावत नाहीत, बुडाशी जातात. सगळ्यांत जुने सोट, एकूण सोटांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, करवतीने पार जमिनीलगत काढायचे. दुसऱ्या वर्षी उरलेल्या जुन्यांपैकी. तिसऱ्या वर्षी राहिलेले. झाड तीन वर्षांत नवं होतं आणि एकही हंगाम बुडत नाही. वेळ फेब्रुवारीचा, तुरे पराग सोडत असताना. छाटणाऱ्याचे धक्के फांद्यांना लागतात, पराग उडतो, तेवढीच परागीभवनाला मदत. हे ऐकून भाऊ खूश झाला.

दुसरा मार्ग आणखी निर्दय आहे: सात-दहा वर्षांतून एकदा अख्खं झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून टाकायचं. हेझल मरत नाही. उलट अशा कापाने त्याचं आयुष्य वाढतं, बुंधे शेकडो वर्षं जगतात, कारण म्हातारं होण्याइतका वेळच कुठल्या सोटाला मिळत नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट भागात दलदलीत गाडलेला एक लाकडी पायरस्ता सापडला, तो इसवीसनपूर्व ३८०७-३८०६च्या सुमाराचा आहे. त्यातल्या मेखा-खुंट्यांत हेझलच्या सरळ काठ्या आहेत, आणि अशी एकसारखी काठी कापून फुटवलेल्या बुंध्याशिवाय सहसा मिळत नाही. म्हणजे हे शास्त्र जवळजवळ सहा हजार वर्षं जुनं म्हणायचं.

आता आपलं अंगण. इंदिरानगर असो की गंगापूर रोड, रो-हाउसच्या पुढे दहा बाय पंधराची जागा, त्यात एक पेरू, एक आंबा, कढीपत्ता, मोगरा आणि हौस असेल तर शेवगा. हे सगळं एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, एकाच उंचीवर 'साफ करून' घेण्याची पद्धत आहे. मला तिचा राग येतो, कारण या पाचही झाडांचं उत्तर वेगवेगळं आहे.

पेरू नव्या फुटीवर लागतो. कोवळी फूट हातात घेऊन फिरवली तर ती गोल नसून चौकोनी लागते, आणि तिच्याच पानांच्या बेचक्यात कळी येते. त्यामुळे पेरूला कात्रीची भीती नाही, तुम्ही कापाल तितकी नवी फूट आणि तितका माल. लखनौच्या संशोधन संस्थेने तर पेरूची कुरण पद्धत बसवली आहे: दोन मीटर बाय एक मीटरवर झाड, हेक्टरी ५,०००, आणि पहिला शेंडा गुडघ्याच्याही थोडा खालीच मारायचा. पेरू खांद्याएवढा राहून पोटभर देतो. मे महिन्यात छाटला की पावसाळ्यात फुलतो आणि नाशिकची थंडी पडली की पिकतो, तो खरा चवीचा पेरू. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत अळीच जास्त.

आंब्याचं अगदी उलटं. त्याचा मोहोर शेंड्यालाच येतो, तोही पिकलेल्या, जुन झालेल्या शेंड्याला. दिवाळीत साफसफाई म्हणून आंबा छाटला तर मोहोराचा शेंडाच घंटागाडीत गेला. आंब्याला हात लावायचा तो फळं उतरली की लगेच, जूनमध्ये, फार तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे नवी फूट पावसाळ्यात येऊन हिवाळ्यापर्यंत जुन होते. शेवगा पुन्हा पेरूच्या जातीचा: नव्या फुटीवर फुलतो, शेंगा संपल्या की तीन फुटांवर कापला तरी तक्रार करत नाही. न कापलेला शेवगा दोन वर्षांत तारांना टेकतो, आणि त्याचं लाकूड इतकं ठिसूळ की वळवाच्या पहिल्या वाऱ्यात कुणाच्या तरी गाडीवर. मोगरा जानेवारीत कापून पानं काढून टाकली की मार्चपासून कळ्या. कढीपत्त्याला फळ नकोच आहे आपल्याला, उलट फूल दिसलं की खुडायचं, तेव्हा त्याला वर्षभर रोजच्या फोडणीपुरतं तोडत राहणं हीच छाटणी. आमच्याकडे ती आपोआप होते, कारण गल्लीतल्या निम्म्या घरांची फोडणी आमच्याच झाडावर चालते.

वरून सपाट कापल्यावर झाड आणखी उंच का जातं, हेही एकदा सांगायला हवं. फांदीचा शेंडा जिवंत असतो तोवर त्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला, कापाखालचे चार-पाच डोळे एकदम फुटतात. खाली मुळं मात्र पूर्वीएवढीच, ती पूर्वीएवढंच पाणी वर लोटतात. मग येतात ते पाणसोट: सरळ, लांब, मोठाल्या पानांचे, मालाला निरुपयोगी. एका शेंड्याच्या जागी पाच शेंडे. पावसाळ्याआधी तारांखालच्या झाडांची जी छाटणी होते ती बघा, दिवाळीपर्यंत तिथे केरसुण्या उभ्या राहिलेल्या दिसतील. फांदी कमी करायची तर ती जिथून निघाली तिथूनच काढायची, मध्ये खुंट ठेवायचा नाही. अशा कापाने झाड विरळ होतं, ऊन आत जातं आणि उरलेल्या फांद्या शांत राहतात. मोठ्या कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, हे द्राक्षवाल्यांच्या घरात शेंबडं पोरही सांगेल.

आणि वेळ. झाड निजलेलं असताना कापलं तर जागं होऊन जोमाने फुटतं, कारण मुळांतली साठवण शाबूत असते. झाड वाढीच्या भरात असताना फूट मोडली तर पानं जातात, कमाई घटते, जोर ओसरतो. केंटमधले लोक हे फार छान वापरतात. ऑगस्टमध्ये ते हेझलची त्या वर्षीची लांब, माजलेली फूट हाताने साधारण मध्यावर मोडतात. कापत नाहीत, मोडतात, आणि मोडलेलं टोक तसंच लोंबतं ठेवतात. त्यामुळे फुटीचा जोर थांबतो, पण कापल्यावर जी दुसरी फूट उसळते ती येत नाही, आणि खालचे डोळे फुलाकडे वळतात. हिवाळ्यात मग ती काडी आखूड करायची. भाचीने हे सांगितलं तेव्हा भाऊ बराच वेळ विचारात पडला. द्राक्षात तो शेंडा खुडतो तो याच कारणासाठी, पण खुडल्यावर बगलफूट येते आणि ती काढायला पुन्हा मजूर लावावे लागतात. "मोडून लोंबतं ठेवलं तर?" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नको, आपल्याकडे पावसात तिथून करपा शिरेल." तरी एका वेलीवर करून बघितल्याशिवाय तो राहणार नाही, मी त्याला ओळखते.

काही झाडांपुढे कात्रीचं काही चालत नाही, हेही मान्य करायला हवं. दहा बाय पंधराच्या अंगणात जांभूळ लावून दर वर्षी त्याच्याशी भांडणारे लोक मला माहीत आहेत. जांभूळ, वड, पिंपळ, गुलमोहर यांना लहान ठेवणं म्हणजे वर्षानुवर्षं त्यांच्याशी कुस्ती खेळणं, आणि झाड एकदा मोठं झालं की शहरात ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५चा कायदाच आहे. मला तो कायदा पटतो. रोप आणताना नर्सरीत दोन मिनिटं थांबून याची पूर्ण वाढ किती, एवढं विचारलं तरी अर्ध्या छाटण्या वाचतील. नर्सरीवाले सांगतात, विचारणारेच कमी.

कापलेल्या मालाचं काय करायचं, हा शेवटचा आणि शहरात सगळ्यांत अवघड प्रश्न. भाचीकडे हेझलच्या सरळ काठ्यांना शेजारीपाजारी मागणी आहे. घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून तिकडे तीच काठी वापरतात, जाडसर सोट उभे चिरून त्यांची कुडासारखी विणलेली कुंपणं होतात. पहिल्या फेब्रुवारीतच तिच्या मागच्या भिंतीला काठ्यांची मोळी लागली आणि दोन घरं सोडून राहणारे एक आजोबा ती अर्धी घेऊन गेले, बदल्यात रताळ्याएवढे बटाटे देऊन. भावाच्या बागेत खरड छाटणीच्या काड्या पूर्वी बायका मोळ्या बांधून चुलीला न्यायच्या. आता गॅस आला, तेव्हा ट्रॅक्टरमागे श्रेडर लावून त्या ओळीतच बारीक करतात, जमिनीत मुरतात. माझ्या पेरूच्या फांद्या यातल्या कशातच बसत नाहीत. वाकड्या, टणक, आणि घंटागाडीवाला म्हणतो, ताई, फुटाफुटाचे तुकडे करून द्या, नाहीतर घेत नाही. त्याचंही बरोबर आहे. म्हणून मेमध्ये छाटणी झाली की पुढचे काही दिवस मी संध्याकाळी ओट्यावर बसून कात्रीने पेरूच्या फांद्या फुटाफुटावर तोडत असते, बारीक पाला आळ्यात, जाड तुकडे पोत्यात, आणि येणारे-जाणारे विचारतात, "काय, अख्खं झाड पाडलं की काय?"